न जोडलेल्या पेटीचा खटका

प्रिय ऋता आणि निनाद,

तुम्ही दोघं फोनवर ज्या पानावर लोकांचे अमानवीय अनुभव वाचत बसता आणि मग मला विचारता, "आजी, हे खरं असेल का गं?" – त्याच पानावर आज मी लिहिते आहे. माझं उत्तर तुम्हाला पाठ आहे. नसेल. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, भानामती, पिंपळावरचा मुंजा... सगळ्यांची वर्गात चिरफाड केली आहे. आजही माझं मत बदललेलं नाही. फक्त एका गोष्टीचं कारण मला सापडत नाही, आणि सापडत नाही हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवायला हवं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी माहिती देते. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन जुन्नर तालुक्यात, पिंपरी पेंढारला आले. आमचं घर गावाबाहेर, शेतातच आहे. घरात मी, धाकटा मुलगा संदीप आणि त्याची बायको मनीषा – म्हणजे या दोघांची काकू. मनीषाचं दहावीनंतर लगेच लग्न झालं. चाळिशीत तिनं आयटीआयला वायरमनच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली मुलं तिला मावशी म्हणायची आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी तिच्याच शेजारची जागा पकडायची.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही जी जांभळ्या उजेडाची खोली पाहिलीत, ती आमची जुनी धान्याची खोली. तिथं मनीषा रॅकवर, दिव्यांच्या उजेडात, मुळा, मोहरी आणि सूर्यफुलाचे कोवळे कोंब वाढवते. हायवेवरची हॉटेलं ते घेतात. पण दिवे लावायच्या आधी महिनाभर आम्ही दोघींनी फक्त कागदावर काम केलं. चार रॅक, रॅकला चार कप्पे, कप्प्याला दोन ट्यूब, ट्यूब वीस वॅटची – सहाशे चाळीस वॅट. दिवे सोळा तास सलग चालणार, म्हणून तारेसाठी हिशेब सव्वापट धरायचा. एसीची लाईन वेगळी. दोन्ही लाईन थेट मुख्य बोर्डापासून, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीनं. अर्थिंगचा खड्डा नवा. आणि दाराशी आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळू लागली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडणारी पेटी.

गावातला जुना वायरमन रघू हे बघून हसला.

"काकू, लई विचार करता राव तुमी. हाय त्या बोर्डातनं एक वायर घेऊ, चार सॉकेट काढू, झालं काम."

"आणि फवारा मारताना माझा हात ओला असतो, त्याचं काय रघूभाऊ?" मनीषानं विचारलं.

"स्लिपर घालायची."

"स्लिपर तुमी घाला. मी आरसीसीबी घालते."

रघूनं मुकाट्यानं पेटी भिंतीवर बसवली, खटका वर करून बघितला आणि तसाच ठेवला. एकही तार अजून जोडलेली नव्हती. जोडणी दुसऱ्या दिवशी अकराला करायची ठरली. पेटीची रिकामी भोकं मी स्वतः पाहिली आहेत – हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिथं रॅक बसणार तिथली एक जुनी काळी वायर काढायची होती. चुन्याखाली दबलेली, एक टोक उघडं, दुसरं भिंतीत गेलेलं. मनीषानं घराचा मेन स्विच बंद केला, वायरीच्या उघड्या टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मी हातातल्या यादीवर "लाईन बंद, तपासली" यापुढं टिक केली. मग तिनं क्लिपा उचकटायला घेतल्या. त्यात अर्धा तास गेला. शेवटी उघडं टोक मुठीत धरून वायर ओढून काढायची तेवढी राहिली. तिनं हात पुढं केला आणि –

खट.

दाराजवळच्या पेटीचा खटका खाली पडला होता.

"आई, तुमी हात लावला का?"

"मी इथं खुर्चीत बसले आहे. काढ ती वायर, रघू येईल आता."

हे वाक्य माझंच. मुद्दाम लिहिते आहे.

मनीषा स्टुलावरून खाली उतरली. पेटीकडे बघत उभी राहिली. "खाली का पडला हा?"

"अगं, त्याला लाईनच जोडलेली नाही. स्प्रिंग सैल असेल."

"असंल. पण पडलाय ना. परत एकदा बघते."

"मी टिक केली आहे, मनीषा."

"टिक तुमची हाय, आई. हात माझा हाय."

तिनं त्याच उघड्या टोकाला टेस्टर लावला, आणि टेस्टर लख्ख पेटला.

मिनिटभरानं बाहेर विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा मला सगळं आठवलं.

घराची वीज वेगळी आणि शेतीपंपाची वेगळी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या दिवशी पाळी बदलून दिवसाची सुरू झाली होती. मोटर ऑटोवर असते, लाईट आली की थोडं थांबून चालू होते. म्हणजे लाईट आली ती साधारण खटका पडला तेव्हाच. आणि ती काळी वायर... भारनियमनाच्या दिवसांत घरातली वीज गेली तरी मला पेपर तपासता यावेत म्हणून तुमच्या आप्पाआजोबांनी पंपाच्या पेटीतून ती ओढली होती. माझ्या एका बल्बसाठी. पुढं बल्ब गेला, आजोबा गेले, वायरीवर चुन्याचे हात चढले. पण विहिरीकडचं टोक पेटीत तसंच जोडलेलं होतं. माझ्यासाठी ओढलेली वायर, आणि माझ्याच यादीत नव्हती.

मनीषानं आधी पंपाची पेटी बंद केली, तिथलं टोक सोडवलं, पुन्हा टेस्टर लावला आणि मगच वायर काढली. मी यादीवरची ती टिक खोडली.

रघू आला. "स्प्रिंग असंल," म्हणाला. मग पेटीचा खटका त्यानं कितीतरी वेळा वर-खाली केला, भिंतीवर हातोडी ठोकली, दार आपटलं. खटका पडेना. "न्हाई राव, स्प्रिंग तर ठणठणीत हाय," म्हणून डोकं खाजवत बसला.

माझी धाकटी जाऊ शालन शेजारीच राहते. ती म्हणाली, "भाऊजींनीच पाडला. त्यांचीच वायर व्हती."

"तुझे भाऊजी पसारा करून जाणारे होते," मी म्हटलं, "आवरायला परत येणारे नव्हते."

सगळे हसले. शालन तरीही पेटीला हळदकुंकू घेऊन आली. मनीषानं तिचा हात धरला. "काकी, ही भिंतीवर ठेवायची न्हाई. नवीन आणायचीय."

"अगं, हिनं जीव वाचवला तुझा."

"वाचवला. पण कारण नसताना पडतीय, ती कारण असताना पडंलच कशावरून?"

ज्या वस्तूनं जीव वाचवला तिच्यावरही डोळे झाकून विश्वास नाही! मी इतकी मुलं शिकवली, पण माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी माझ्या वर्गात कधी बसलीच नाही. त्याच दिवशी नवी पेटी आली. जुनी शालनच्या देवघरात आहे.

गेल्या आठवड्यात निरगुडसरच्या दोघी बायका आल्या होत्या. त्यांनाही अशी खोली करायची आहे. मनीषानं त्यांना आधी दिवे दाखवले नाहीत. अंगणात उभं करून विचारलं, "तुमच्या घरात लाईट कुठकुठनं येती?"

"खांबावरनं."

"आणखी?"

एक जण बोटांवर मोजू लागली. मग हळूच म्हणाली, "गोठ्यात एक वायर हाय... मोटरीवरनं घेतलेली."

दुसरीनं शालनकडून सगळं ऐकलेलं होतं. तिनं विचारलं, "ताई, पण तो खटका पाडला कुणी?"

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मलाही सांगता येत नाही.

"माहीत न्हाई," ती म्हणाली आणि त्यांना पंपाची पेटी दाखवायला विहिरीकडे घेऊन गेली.