आत्ताचा पाय

ज्यांचे पाय दुकानातल्या तयार बुटांत मावत नाहीत, अशा लोकांसाठी बूट बनवायचा त्या घरचा धंदा होता. एक पाय आखूड, टाच आत वळलेली, चवडा फताडा, बोटावर बोट चढलेलं, असं काहीबाही घेऊन माणसं यायची आणि काही दिवसांनी नीट चालत परत जायची. पुढच्या खोलीत माप घ्यायचं, मागच्या कारखान्यात बूट शिवायचे, आणि या दोन्हींच्या मधोमध, काचेच्या पार्टिशनमागे, घरची सून बसायची. तिला सगळे वहिनी म्हणत. कारागीर म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, समोरचा चहावालाही म्हणे. एकदा कामाच्या गडबडीत खुद्द नवऱ्यानंच तिला वहिनी म्हणून हाक मारली होती, ते कारागिरांना आठवडाभर पुरलं.

ती लग्न होऊन आली तेव्हा मापं भिंतीवर टांगलेली असायची. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा, त्याला फर्मा म्हणतात. पाय वाढला की त्याच फर्म्यावर चामड्याची पट्टी चढवायची, पाय बारीक झाला की फर्मा तासायचा. मग आधीचं माप कुठं राहिलं? कुठंच नाही. फार तर सासऱ्यांच्या डोक्यात. ते फर्मे वाळवीनं खाल्ले तेव्हा वहिनीनंच हट्ट धरून सगळी मापं कम्प्युटरवर चढवली. चार कम्प्युटर एकमेकांना जोडले. एक तिच्यापाशी, दोन कारखान्यात आणि एक माप घ्यायच्या खोलीत, सासऱ्यांसमोर.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचं माणसाच्या तोंडाशी फारसं देणंघेणं नव्हतं. रस्त्यात कुणी भेटलं की ते आधी खाली बघून ओळखत आणि मग वर बघून हसत. हाडांचे डॉक्टर त्यांच्याकडे रोगी पाठवताना चिठ्ठीत थोडंच लिहीत, कारण जास्त लिहिलं तर अण्णांना राग यायचा. म्हातारपणी ते एका बोटानं टाईप करायला शिकले, आणि ते बोट कीबोर्डवर असं उतरायचं की जणू खिळाच ठोकतायत. वहिनीचा त्यांच्यावर जीव होता. तिच्या माहेरी किंवा सासरी, ‘तुला काय वाटतं?’ असं तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारणारा माणूस तोच होता.

तर झालं असं, की एका नर्सचे बूट शिवून आले ते इवलेसे. सातआठ वर्षांच्या पोरीचे असावेत असे. नर्स लहानपणापासून इथंच यायची. ती बूट तळहातावर घेऊन हसत सुटली. कारागीर म्हणाला की आम्हाला पडद्यावर आकडे दिसतात, माणूस दिसत नाही. त्याचंही खरं होतं. पण मग आणखी एकाचे बूट आखूड निघाले, मग आणखी एकाचे, आणि हसणं थांबलं.

नवऱ्यानं कम्प्युटरला शिव्या दिल्या. आपल्याकडे बॅकअप आहे ना, तो काढ, म्हणाला. बॅकअप म्हणजे ड्रॉवरमधला एक पेनड्राइव्ह होता, आणि त्याच्या भरवशावर सगळे वर्षानुवर्षं निवांत झोपत होते. तो लावून पाहिला तर त्यात चुलत नणंदेच्या लग्नाचे फोटो निघाले. मापाची एकही फाईल नाही. वरातीपुढे मात्र नवरा नाचताना दिसला, आणि तो फोटो कारागिरांच्या देखत पडद्यावर उघडला गेल्यानं नवरा आणखीच भडकला.

मग तारवाल्याला बोलावलं. हा कम्प्युटर दुरुस्त करणारा; गळ्यात कायम तारेचं वेटोळं, म्हणून तारवाला. त्यानं अर्धा दिवस घालवून सांगितलं की यंत्र ठणठणीत आहे, मापं कुणीतरी हातानं बदलून सेव्ह करतंय. नवरा सगळ्यांच्या देखत म्हणाला, “कोण ते एकदा कळू दे. परत कीबोर्डला बोट लावू देणार नाही त्याला.” अण्णा चष्मा पुसत होते. तेही मान डोलावून म्हणाले की बरोबर आहे, लोकांच्या पायाशी खेळ आहे हा.

बॅकअप कोणता घ्यायचा हे ठरवायचं काम साहजिकच वहिनीच्या गळ्यात पडलं. तारवाल्यानं तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली अगदी स्वस्त: एक डबी, दर शनिवारी जोडायची, सगळ्याची नक्कल घ्यायची आणि घरी न्यायची. दुसरी आरशासारखी: इथं जे होईल तेच लगेच दुसऱ्या डिस्कवर. तिसरी महाग: प्रत्येक फाईलचं प्रत्येक आधीचं रूप ती सांभाळून ठेवणार, कुठल्या कम्प्युटरवरून काय बदललं ते टिपणार, आणि रोज संध्याकाळी मालकाच्या फोनवर त्याचा अहवाल पाठवणार.

वहिनीनं तिघींनाही एकच परीक्षा घातली: परत आणून दाखव. तिची एक मावशी होती, वस्तू इतक्या जपून ठेवायची की तिला स्वतःलाच पुन्हा सापडत नसत. साठवणारे ढीगभर मिळतात, वेळेला काढून देणारा पाहिजे, असं वहिनीचं म्हणणं. तिनं मुद्दाम एक माप बिघडवलं आणि तारवाल्याला म्हणाली, हं, आण आता परत. डबीनं मागच्या शनिवारचं माप आणून दिलं, मधला आठवडा गेला तो गेलाच. आरशानं तर चूकच इमानेइतबारे जपून ठेवली होती, तिच्यासारखीच तिची जुळी बहीण. तिसरीनं मात्र सकाळचं माप सकाळसारखं समोर ठेवलं. मग ती तिसरी काही दिवस वापरून बघायची असं ठरलं, आणि तोपर्यंत अहवाल वहिनीच्याच कम्प्युटरवर येऊ लागला.

आलेला पहिलाच अहवाल तिनं दोनदा वाचला. सगळे बदल माप घ्यायच्या खोलीतून झाले होते, आणि तिथं अण्णांखेरीज कुणी बसत नसे.

तरी तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. अण्णांनी एका शाळामास्तराची फाईल उघडली होती. ते एका बोटानं जुने आकडे खोडत होते आणि प्रेमानं पुटपुटत होते, “बघ काय लिहून ठेवलंय कुणी वेड्यानं. अगं, एवढुसं पोर आहे ते. त्याचा पाय एवढा कुठला?” मास्तरांना मिश्या होत्या, दोन मुलं होती, आणि मागच्याच महिन्यात अण्णांनीच त्यांचा पाय मांडीवर घेऊन माप घेतलं होतं. अण्णांनी लिहिलेलं माप काही मनचं नव्हतं. ते त्याच पायाचं होतं, फक्त तो लहानपणचा पाय आता राहिला नव्हता.

तिला रडू आलं, आणि चहा गार झाला म्हणून ती उठून गेली.

नवऱ्याला सांगावं तर तो बापाच्या हातून कीबोर्ड काढून घेणार. वाईट नव्हता तो, पण बोललेला शब्द खरा करण्याची त्याला वाईट खोड होती. आणि कीबोर्ड गेला की अण्णांची खोली गेली, खोली गेली की माणसं गेली, मग अण्णा घरी बसून करणार काय, भिंती मोजणार? शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं नवऱ्याशी भांडून ती तिसरी, महागडी व्यवस्थाच घेतली. दोन दिवस अबोला झाला. मग तो म्हणाला, घे बाई, तुझं तू बघ. तिला नेमकं तेवढंच हवं होतं.

तारवाला शेवटच्या जोडण्या करायला आला तेव्हा तिनं विचारलं, हा अहवाल एकाच फोनवर येऊ शकतो का. येऊ शकतो, तो म्हणाला. मग माझ्याच फोनवर येऊ दे, ती म्हणाली. त्यानं का म्हणून विचारलं नाही. उरलेली तार गुंडाळून गळ्यात घातली, दारापर्यंत गेला आणि मागे वळून एवढंच म्हणाला, “वहिनी, रोज सकाळी बघावं लागेल हं. एक दिवस विसरून चालायचं नाही.”

ती विसरली नाही. सगळ्यांच्या आधी येऊन ती दुकान उघडायची आणि अण्णांनी आदल्या दिवशी बदललेली मापं परत जागेवर आणून ठेवायची. मग अण्णा यायचे, दिवसभर लोकांचे पाय हातात घ्यायचे, खूश असायचे. बूट नीट शिवून येऊ लागले. नवरा तारवाल्याची तारीफ करू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत वहिनीनं उन्हाळा काढला, पावसाळाही काढला. पण सवय वाईट असते. सुरुवातीला ती प्रत्येक बदल नीट वाचून, विचार करून परतवायची. पुढं पुढं अण्णांच्या खोलीतून आलेला बदल म्हणजे चूकच, असं तिच्या बोटांनीच ठरवून टाकलं.

एक दिवस पोस्टमन लंगडत आला. जुनं गिऱ्हाईक, दिवसभर पायपीट, त्यात साखरेचा आजार. अशा पायाला साधं खरचटलेलंही परवडत नाही. नव्या बुटानं त्याच्या करंगळीला मोठा फोड आणला होता. अण्णांनी त्याचा मोजा उतरवला, फोड पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी फाईल उघडली. चवड्याचं माप अरुंद होतं.

“मी रुंद केलं होतं,” ते म्हणाले. “पाय पसरलाय म्हणून मागल्या वेळी मीच रुंद करून लिहिलं होतं. लिहिलं होतं ना मी?”

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. अण्णांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि मुलाला म्हणाले, “तू म्हणाला होतास ते बरोबर होतं रे. तो मीच. उद्यापासून मी बसत नाही.” पोस्टमनला हात जोडून ते आतल्या खोलीत निघून गेले.

काचेमागे वहिनी सगळं ऐकत होती. अण्णांनी खरंच रुंद लिहिलं होतं. तिनंच, सकाळच्या सवयीनं, ते परत अरुंद करून ठेवलं होतं. आता ती गप्प राहिली असती तर सगळंच मिटत होतं. पुन्हा चुका नाहीत, रोजची पहाटेची चोरी नाही, नवऱ्याशी लपाछपी नाही. कुणाला कधी कळलंही नसतं. फक्त अण्णा आपली नसलेली चूक उशाशी घेऊन झोपले असते, आणि आपल्या हातांवरचा त्यांचा भरवसा कायमचा गेला असता. हे तिला सोसणार नव्हतं. ती उठली.

अण्णा आत मोजपट्टी गुंडाळत बसले होते. ती त्यांच्यासमोर खालीच बसली.

“अण्णा, तुम्ही बरोबर होतात. तुम्ही रुंदच लिहिलं होतं. ते मी बदललं.”

“तू? का?”

तिनं सांगितलं. नर्सच्या इवल्याशा बुटांपासून रोज सकाळी लवकर येण्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना ती रडली, मधे थांबली, पण काही गाळलं नाही.

अण्णा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे पोस्टमनचं मी बरोबर लिहिलं. आणि बाकीची?”

खोटं बोलणं सोपं होतं. “बाकीची नाही, अण्णा,” ती म्हणाली.

त्यांनी ते बघायला मागितलं. तिनं फोनवर बदलांची यादी उघडून त्यांच्यासमोर धरली: एक बदल त्यांचा, एक तिचा, परत त्यांचा, परत तिचा, दोन ऋतूंची सासूसुनेची भांडणं असावीत तशी. अण्णा एकेक ओळ वाचू लागले. नर्सच्या ओळीशी थांबले. “हे तिच्या पहिल्या बुटाचं माप. फार रडली होती तेव्हा.” मास्तरांच्या ओळीशी थांबले. “याची टाच तेव्हा आत वळायची. हे सगळं खरंय गं, सूनबाई.”

“खरंच आहे. पण तेव्हाचं.”

“मग तुझ्या या यंत्रात तेव्हाचं आहे का?”

यंत्र बसवलं त्या दिवसापासूनचंच आहे, ती म्हणाली, त्याच्या आधीचं काही परत आणता येत नाही. अण्णा पहिल्यांदाच जरासं हसले. म्हणाले, “म्हणजे त्याच्या आधीचं माझ्याकडे आणि त्याच्या नंतरचं त्याच्याकडे. गोंधळ होतो तो इतकाच, की मला मधली रेघ दिसत नाही.” मग त्यांनी मोजपट्टी पुन्हा उलगडली. “कीबोर्ड तू घे. मी नुसतं बोलेन. पण लिहिण्याआधी मला विचारत जा, हा आत्ताचा पाय की तेव्हाचा. सगळ्यांच्या देखत विचार. चोरून नको.”

पोस्टमन अजून बाकावर एक पाय उघडा टाकून बसला होता. अण्णांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, फोड चुकवून चवड्यावरून पट्टी फिरवली आणि आकडा सांगितला. नवरा अजून दारात उभा होता, कारागीरही दोन जण येऊन थांबले होते. तरी वहिनीनं विचारलं, “अण्णा, आत्ताचा की तेव्हाचा?”

अण्णांनी हातातल्या पायावर अंगठा फिरवला, मग मान वर करून पोस्टमनच्या पिकल्या केसांकडे पाहिलं. “आत्ताचा,” ते म्हणाले. तिनं लिहिलं.

नवऱ्यानं त्या दिवशी काहीच विचारलं नाही. रात्री जेवतानाही नाही. कीबोर्डचं नाव काढलं नाही, आणि त्याची ती शब्द खरा करायची खोड कुठं गेली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी फोनवर होती. चामडं पुरवणाऱ्याशी तिचं वाजलं होतं आणि ते लवकर आटपेना. पुढच्या खोलीत एक आजी येऊन बसल्या होत्या. अण्णांनी त्यांचा पाय मांडीवर घेतल्याचं तिला काचेतून दिसलं, त्यांनी आकडा पुकारलेलाही ऐकू आला, आणि कम्प्युटरपाशी कुणीच नव्हतं. ती फोन टाकून उठणार, तोच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवरा कीबोर्डपाशी बसला होता. त्याला असल्या गोष्टी बोलायची सवय नव्हती, म्हणून तो पडद्याकडेच बघत राहिला.

“अण्णा,” तो म्हणाला, “आत्ताचा की तेव्हाचा?”

“थांब,” अण्णा म्हणाले, “बघून सांगतो.” आणि मुलगा थांबला.