शेळीला घातलेली भाजी

दुष्काळात आमच्या गल्लीत एकच शेळी तुकतुकीत होती, ती आमची. बाकीच्यांच्या शेळ्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत. माय कौतुकानं म्हणायची, "हिला काय मानवतंय कुणाला ठाऊक!" मला ठाऊक होतं.

मी चौथीत होते, धाकटी बहीण चार वर्षांची. वडील अन् माय दोघंही खडी फोडायच्या कामावर जायचे. येताना माय तेरणा नदीच्या काठानं वाकून वाकून तरोटा, घोळ, तांदुळजा, जे हिरवं दिसेल ते खुडायची आणि पदरात बांधून आणायची. सकाळी ते शिजवून, धाकटीसाठी तिखट कमी घालून, झाकून ठेवायची. थोरलीनं धाकटीला आपल्याच ताटात घेऊन जेवायचं, ही आमच्याकडची रीत. "तू खाल्लंस की ती खाती," एवढं सांगून माय निघायची.

शाळेत एकीनं मला 'तरोटाखाऊ' म्हटलं. खरं तर तीही तेच खायची, पण आधी बोलून ती मोकळी झाली. झालं, माझा अपमान झाला. तेव्हापासून भाजीचा घास तोंडात घालायचा, तोंड वेडंवाकडं करायचं आणि थू करून टाकायचा, हा माझा खेळ. धाकटी खदखदून हसायची अन् तस्संच करायची. मग ताटातली सगळी भाजी शेळीपुढं. भाकरी आम्ही चटणीबरोबर खायचो. संध्याकाळी रिकामं ताट बघून मायचा अर्धा शीण जायचा.

काही महिन्यांनी धाकटी दिवेलागणीला अडखळायला लागली. समोरचा तांब्या तिला दिसेना. मला वाटलं, नखरे. मी तिच्यापुढं बोटं नाचवून "किती?" विचारायची, ती अंदाजानं काहीतरी सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. हसायचो! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

डाव्या डोळ्यावर पांढुरकं दिसायला लागलं, तेव्हा माय तिला कडेवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. मीही सोबत होते.

"पालेभाजी खाते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज खाती की सायेब," माय ताठ होऊन म्हणाली. "म्या सोता खुडून आणती. थोरली भरवती तिला."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "मग असं व्हायला नको होतं," ते म्हणाले. औषध दिलं, पालेभाजी चालू ठेवा म्हणाले. उजवा डोळा वाचला. डावा गेला.

मी मायच्या लुगड्याचा काठ धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. मार बसेल, एवढीच तेव्हा भीती.

डॉक्टरांचं 'असं व्हायला नको होतं' एवढंच मायच्या डोक्यात राहिलं, अन् त्याचा तिनं भलताच अर्थ लावला. रोज पाला खाऊन डोळा गेला, म्हणजे पाल्यानंच गेला. "न्हाय न्हाय ते खुडून आणलं म्या. माझ्याच हातानं लेकीचा डोळा घालवला," म्हणत तिनं भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. त्या दिवसानंतर धाकटीच्या ताटात पाला म्हणून पडला नाही.

वर्षं गेली. सहकारी साखर कारखाना उभा राहिला, वडील तिथं कामाला लागले. घरामागं सांडपाण्यावर मायनं मेथी, चुका लावला. वाफा हिरवागार असायचा, पण धाकटी माहेराला आली की तिच्यापुढं पिठलं नाहीतर डाळ. तिचं लेकरूही आईसारखंच जेवायचं.

एकदा त्या पोरीला मी माझ्या ताटात घेतलं. तीही तेव्हा चार वर्षांची. मेथीचा घास पुढं केला, तर तिनं ओठ घट्ट मिटले.

"का गं?"

"आज्जी म्हणती, पाल्यानं डोळं जात्यात."

माय चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिचा हात थांबला आणि तिनं डोळ्याला पदर लावला. धाकटी म्हणाली, "राहू दे अक्का, न्हाय खात ती."

माय, तो पाला शेळीनं खाल्ला. एवढंच सांगायचं होतं. मार बसायचं वय केव्हाच सरलं होतं. पोर माझ्या तोंडाकडं बघत होती.

तो घास मीच खाल्ला.