उसात गेलेला बॉल

आठ वर्षं मी योहानसमोर गोलात उभा राहिलो आणि पहिल्या वर्षीचा एक सोडला तर आठ वर्षांत त्याचा एकही बॉल माझ्या गुडघ्याच्या वर आला नाही. त्याचा प्रत्येक फटका गवत भादरत यायचा. आमच्या चर्चच्या मैदानाला गवत कापायचं यंत्र कधी लागलंच नाही. आज तो दक्षिणेतल्या एका क्लबचा फॉरवर्ड आहे. पगारी, पाठीवर छापील नाव असलेला. त्याला घडवला कोणी, असं श्रीरामपुरात विचारा. लोक त्याच्या आईचं नाव घेतील, शाळेतल्या सरांचं घेतील. खरं उत्तर मी आहे. मी इतके गोल खाल्ले नसते, तर पोराला गोल मारायची चटक लागलीच नसती.

खालून मारण्याचं कारण ऊस. गोलामागे चार पावलांवर शेजारच्या तात्यांचा ऊस सुरू व्हायचा आणि माझ्या अंदाजानं थेट गोदावरीला जाऊन टेकायचा. आमच्याकडे बॉल एकच. गोलाच्या आडव्या बारवरून गेलेला बॉल उसात, आणि उसात बिबट्या. मी स्वतः त्याला दोनदा पाहिलाय. एकदा ते मांजर निघालं, पण दुसऱ्यांदा दिसलेली शेपटी त्याचीच. म्हणून नियम ठरला होता: ज्यानं मारला त्यानं आणायचा. पहिल्याच वर्षी योहान आत गेला तो अर्ध्या तासानं बाहेर आला. बॉल छातीशी, हातांवर पात्यांचे ओरखडे, चेहरा पांढराफटक. आत काय पाहिलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून बॉल उचलून मारणं त्याच्या पायातून निघून गेलं.

बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. क्लबनं निवडल्याचं सांगायला आला तेव्हाही दारातच उभा राहून म्हणाला, "परवा जातोय. बघू." त्याच्या वाटचं बोलणं मी बोलायचो. तिथंच घात झाला.

त्याचे गोलांवर गोल होत होते तेव्हा मोबाईलवर मुलाखती टाकणारा एक पत्रकार मैदानावर आला. मी केस विंचरले, गोलात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ऊस सांगितला, बिबट्या सांगितला (तोवर त्याचे तीन झाले होते), आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणालो, "लिहून घ्या. ह्यो गडी बॉल जमिनीवरनं उचलत न्हाई. जन्मात न्हाई."

ते अख्ख्या देशानं पाहिलं असावं, कारण देशातले सगळे गोलकीपर त्यात निघाले. पुढच्या सामन्यापासून योहान समोर आला की कीपर आधीच गवतावर आडवा, आणि योहानचा बॉल त्याच्या पोटात. एक सामना कोरडा गेला, मग दुसरा, मग सगळेच. त्याचा करार हंगामाअखेर संपत होता. क्लबनं सांगितलं, शेवटचा सामना बघू, मग ठेवायचं की सोडायचं ते ठरवू.

त्याआधी चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून तो गावी आला. दोन दिवस मी त्याला चुकवत हिंडलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या गॅरेजच्या दारात उभा, काखेत बॉल. मुलाखतीबद्दल अवाक्षर नाही. "चल दिल्या. गोलात उभा ऱ्हा."

पहिला बॉल माझ्या डोक्यावरून, बारवरून, उसात. मी आणतो म्हणालो. त्यानं मान हलवली. "ज्यानं मारला त्यानं आनायचा." आणि शिरला आत. त्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची शेळी खरोखर गेली होती. हे मी वाढवून सांगत नाही. वाळल्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती, मग ती थांबली. मी हाक मारली.  दुसरी हाक मारत उसाच्या कडेपर्यंत गेलो. किती वेळानं पानं हलली कोण जाणे, आणि हातांतून रक्त ठिबकत योहान बाहेर आला. बॉल जागेवर ठेवला. म्हणाला, "अजून एक."

पाच वेळा तो आत गेला. सहावा बॉल माझ्या केसांना लागून बारखालून आत उतरला. तेवढं करून दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला.

सामना आम्ही चहाच्या टपरीवर पाहिला. मोबाईल साखरेच्या बरणीला टेकवून. गोल कोणाचाच नव्हता. समोरच्यांना बरोबरी पुरणार होती, म्हणून त्यांचा कीपर प्रत्येक बॉल मारायला नांगरट उरकल्याइतका वेळ लावत होता. दोन मिनिटं उरली असताना योहान एकटा त्याच्यासमोर आला. कीपर आडवा. योहाननं बॉल उचलला आणि तो बारवरून गेला.

टपरीवरचे दोघं-तिघं चहाचे पैसे ठेवून उठायला लागले. आणि तेवढ्यात योहान पळत सुटला, जाहिरातींच्या फळ्यांवरून उडी मारून गोलामागे. पोरं बॉल द्यायला उभी असताना तो स्वतः बॉल आणायला गेला. मोबाईलमधला समालोचक हसत होता. मी हसलो नाही. योहाननं बॉल आणून कीपरच्या पायाशी ठेवला. आता कीपरला सबब उरली नाही, पंच घड्याळावर बोट ठेवून उभे. त्यानं घाईत मारला तो अर्धवट लागला आणि योहानच्याच सोबत्याच्या पायात पडला. सोबत्यानं तो योहानला पुढं दिला. कीपर सवयीनं पुन्हा आडवा. बॉल त्याच्यावरून गेला आणि बारखाली उतरला.

करार वाढला. सुट्टीत तो आला तेव्हा चहा ओतता ओतता मी एकदाचं बोललो, की ती मुलाखत माझी.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. बशीतला चहा संपवला. "नियम मोडलास तू, दिल्या. मारला तू, आन् आनायला मी गेलो."

एवढंच. नंतर आम्ही मैदानावर गेलो आणि त्यानं मला हवेतून असे काही गोल मारले, की ते कसे ते मीच सांगू शकतो.

परवा तो पत्रकार परत आला. योहानचं नवीन काय, म्हणून विचारत होता. चारही बिबटे माझ्या जिभेवर येऊन बसले होते. मी बारकडे पाहिलं, मागच्या उसाकडे पाहिलं आणि म्हणालो, "बघू."