वडगावला निघणारं भुयार

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळामागे एक भुयार आहे. दहा पावलांवर ते बुजलंय, म्हणून तोंडाला लोखंडी जाळी बसवली आहे. परवा दर्शन झाल्यावर आई तिकडे वळली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि जाळीतून हात आत घालून बसूनच राहिली.

हे भुयार थेट वडगावच्या देवळात निघतं, असं गावात सगळे सांगतात. पाहिलेलं कुणीच नाही. वडगाव म्हणजे आईचं माहेर. मधे नदी आहे, डोंगर आहे; एवढं कोण खणणार? कॉलेजात असताना मी तिला हे अगदी नकाशा काढून पटवलं होतं.

"लग्न होऊन आले तेव्हा सारखी रडायचे," ती म्हणाली. "तुझी आजी मला इथे घेऊन आली. म्हणाली, रडतेस कशाला, ही बघ तुझ्या घरची वाट."

आजी एरवी इतकं मऊ कधी बोलायची नाही.

गावोगावची निम्मी भुयारं अशीच, कुदळीशिवाय, कुणाचे तरी डोळे पुसायला खणली गेली असतील.

वडगावात आता आईचं कुणीही उरलेलं नाही. मी तिच्याशेजारी बसलो, हात आत घातला. गार लागलं.

"वारा येतोय ना रे?"

"येतोय," मी म्हणालो. "वडगावचाच आहे."