फळीला नमस्कार

जुनी नाटकं शाळाशाळांतून करणारी एक मंडळी आज आमच्या गावच्या हायस्कुलात आली होती. राजाच्या वेषातला म्हातारा नट मंचाशी आला, चपला काढल्या, वाकून फळीला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवून वर चढला. फळ्या माझ्या, माझ्या मंडपाच्या धंद्यातल्या. लग्नामुंजींत त्यांच्यावर पाक सांडतो, पानाच्या पिचकाऱ्या पडतात. त्यांना नमस्कार केलेला मी कधी पाहिला नव्हता.

पाहिलं, तरी माझा राग उतरला नाही. सगळा मंच मी फुकट दिला आणि दारावर लावलेल्या नाटकाच्या फलकावर माझं नाव नाही! शून्यातून धंदा उभा केलेल्या माणसाला हे पचत नाही. ऐन दरबारात मी चपलांसकट वर गेलो आणि ओरडलो, "माझं नाव कुठंय? आत्ता सगळं उचलून नेतो!"

मुलांना ते नाटकातलंच वाटलं. हशा, टाळ्या. राजा सिंहासनावरून उठला. "या शेठजी, हा दरबार तुमच्याच आधारावर उभा आहे," म्हणत त्याने मला स्वतःच्या जागी बसवलं. तिथून समोरचा फलक दिसत होता. त्यावर त्याचंही नाव नव्हतं, नुसतं नाटकाचं होतं. माणसाचं नाव राहतं ते नक्की कुठे, कोण जाणे.

माझी मुलगी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालली. दाराशी म्हणाली, "मैत्रिणी विचारत होत्या, तुझ्या बाबांनी तालीम कधी केली? मी सांगितलं, घरी रोजच चालते."