गोदूबाईच्या राबावरची माती

राब भाजावा तर गोदूबाईनं, असं बेलवलीत म्हणत. नवऱ्यामागे एकटीनं शेत कसणारी ही बाई शेण, पालापाचोळा, गवत असे थर नीट अंथरायची आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं विस्तव लावायची. आग धावायची नाही, मुंगीसारखी सरकायची. जमीन मनासारखी भाजली की पावसात भाताची रोपं तरारून उठत. वर्षाचा घास त्या काळ्या तुकड्यावर होता.

त्या साली तापामुळे तिचा राब मागे पडला. गावाचे राब विझल्यावर तिनं एकटीनं विस्तव लावला, आणि त्याच दुपारी एक लहानसं विमान डोंगरावर आदळलं. आतली दोन्ही माणसं गेली.

लोक आधी हळहळले. मग तोंडं सुटली. अंबरनाथच्या कारखान्यात जाणारा शेजारी बुधाजी रोज नवं काहीतरी घेऊन यायचा.

"पडलं नाय, पाडलं! हेर व्हते आत. खालून कुणीतरी धुराची खूण केली. पोलीस इचारतायत, त्या दिशी जाळ कुणी केलता."

"तुमची बिडी पेटलेली व्हती की, भाऊ!" पलीकडच्या घरातली मोतीबाई म्हणाली. सगळे हसले. गोदूबाईला मात्र त्या दुपारचा आपला एकटीचाच धूर आठवला.

भाजला राब पावसाआधी झाकायचा नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिन्हीसांजेला बांधावरची माती ओढून तिनं सगळं काळं झाकून टाकलं.

चार दिवसांत हेर मागे पडले. "सोनं व्हतं गो विमानात!" बुधाजी सांगू लागला. "पेटी गावली नाय. इथंच कुठं तरी पुरलीय." बोलता बोलता त्याची नजर तिच्या शेताकडे गेली. "वहिनी, राबावर ताजी माती कशी?"

धूर माझाच होता, म्हणावं तर पोलीस. न म्हणावं तर...

"राख उडत व्हती," ती पुटपुटली.

"आमची नाय उडाली ती!"

ऊन कलताना बांधावरून माणसं आली, पहारी आणि फावडी घेऊन. पुढे बुधाजी. तिथं खणलं तर राख खोल गाडली जाणार, रोपं उठणार नाहीत. गोदूबाई धावली आणि राबाच्या मधोमध फतकल मारून बसली.

"बाबांनो, पाया पडते, हितं खणू नका!"

बुधाजीनं मागे वळून बघितलं. "बघा," तो हळूच म्हणाला, "कुठं बसलीय ती."

माणसं बांध उतरू लागली.