त्यांच्यात कावळा लागतो का?

सहावीच्या इतिहासात धर्मांचा एक धडा आहे. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, प्रार्थनास्थळाला काय म्हणतात, एवढं पाठ केलं की मुलांच्या लेखी तो संपतो. जोड्या लावल्या की झाला धर्म. मला या प्रकाराची भयंकर चीड येते. कोपरगावच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं इतिहास शिकवते आहे, आणि या एका धड्यापायी मुख्याध्यापकांशी माझी दरवर्षी वाजते. आठवड्यात उरकायचा धडा मी पोळ्यापासून थेट पितृपक्षापर्यंत लांबवते.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक धर्माला आम्ही तेच चार प्रश्न विचारतो. देव कसा आहे? माणसानं वागायचं कसं? मोठा सण कोणता आणि त्या दिवशी खायला काय? आणि माणूस गेल्यावर पुढं काय? खाण्याचा प्रश्न मी मुद्दाम घातला होता, मुलांनी कान टवकारावेत म्हणून. पण वर्ग खरा जागा होतो तो शेवटच्या प्रश्नाला. उत्तरं शक्यतो वर्गातूनच यायची. ज्या घरचं जे असेल ते त्या घरच्या मुलानं सांगायचं, आणि ज्यांचं गावात कोणीच नाही, ते ज्यू आणि पारशी, माझ्या वाट्याला.

त्या वर्षी सहावीत एक मुलगी होती. घरी थोडा ऊस, वडील हंगामात साखर कारखान्यावर. आषाढात तिची आई गेली. पोटात दुखतंय म्हणून नगरला दवाखान्यात नेली, ती जिवंत परत आली नाही. मुलगी तेरावं झाल्यावर शाळेत आली, रडली नाही, कोणाशी भांडली नाही. केसांचा नुसता बुचडा बांधून यायची. आमच्याकडे मुलींना दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागतात. खेळाचे सर तिच्या बुचड्यावर घसरले, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन चार शब्द सुनावले. मग कोणी काही बोललं नाही. आणखी एक होतं. दुपारी खिचडी वाटताना कंपाउंडच्या भिंतीवर कावळे जमतात, त्यांना ही पोर खडे मारायची. नेम धरून, दात ओठ खाऊन मारायची.

धड्याला सुरुवात झाली. तिच्या बाकावरची तिची मैत्रीण मुसलमान. तिनं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार छान सांगितलं. अंघोळ घालतात, पांढऱ्या कापडात गुंडाळतात, आणि मग सगळे मूठमूठ माती देतात, ओळखीचे आणि अनोळखीही. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. तेवढ्यात शेजारून हिनं विचारलं, "तुमच्यात कावळा लागतो का?"

पोरं फिदीफिदी हसली. मैत्रीण गोंधळून म्हणाली, "न्हाई. कावळा कशाला?"

"बरं," असं म्हणून ती खाली बसली.

ख्रिस्ती मुलानं प्रार्थना, पेटी आणि कबरीवरची फुलं सांगितली. तिनं विचारलं, "त्यांच्यात कावळा लागतो का?" नाही. जैन झाले, बौद्ध झाले. तिचा प्रश्न तोच, उत्तरही तेच. पुढं पुढं पोरंच तिच्याआधी ओरडायला लागली, "कावळा! कावळा!" मी डस्टर टेबलावर असं आपटलं, की खडूची भुकटी माझ्याच तोंडावर उडाली.

मग पारशांचा दिवस आला. मी सांगितलं, की ते प्रेत उंचावर उघड्यावर ठेवत, आणि गिधाडं येऊन ते संपवत. जमीन, पाणी, आग, काहीच विटाळायचं नाही, म्हणून. वर्गाचे डोळे मोठे झाले. ती मात्र उठून उभी राहिली.

"आन् गिधाड आलंच न्हाई तर?"

"हल्ली येत नाहीत," मी म्हणाले. "गिधाडंच उरली नाहीत फारशी."

"मग त्यांचं काय होतं?" तिनं विचारलं. तिचा आवाज असा होता, की या खेपेला कोणीही हसलं नाही.

मला आता कळलं होतं, की हिच्या आईच्या पिंडाला कावळा शिवलेला नाही. मला तर ते आधीच कळायला हवं होतं, कारण मी दहाव्याच्या गुरुजींची मुलगी आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर गोदावरीच्या घाटावर दहाव्याचे विधी केले. लग्नामुंजींना त्यांना कोणी बोलावत नसे. सकाळी सकाळी रस्त्यात ते समोर आले, की काही माणसं वाट बदलायची. शाळेत माझा डबा कोणी खात नसे. तर या दहाव्याला भाताचे पिंड ठेवतात आणि सगळे बाजूला होऊन कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला, की गेलेलं माणूस सुटलं. नाही शिवला, तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिली. मग घरचे एकेक पुढं होऊन हात जोडून बोलतात. पोरांना शिकवू, बहिणीला अंतर देणार नाही, भांडण मिटवू. ओळखता ओळखता इच्छा बरोबर सापडली, की कावळा उतरतो, असं मानतात. नाहीच उतरला, तर शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. शिवलं, की आप्पा लगेच सामान आवरून सायकलला टांग मारायचे. पुढं थांबायची त्यांची रीतच नव्हती.

त्या संध्याकाळी मी आप्पांना त्या मुलीच्या आईबद्दल विचारलं. गुडघ्यांमुळे त्यांनी नुकताच घाट सोडला होता. डोकं मात्र तल्लख होतं.

"तो पावसातला दहावा," ते म्हणाले. "समोर बाभळीवर बसला होता कावळा. ढिम्म हलेना. नवरा म्हणाला, दुसरं लग्न करणार नाही. सासू म्हणाली, पोरीला कामाला लावणार नाही. भावानं माहेरच्या जमिनीचं काढलं. सगळे भिजून चिंब झाले. मग केला दर्भाचा."

"मुलगी होती?"

"टेम्पोत बसवली होती लांब. लहान पोर, कशाला आणायची पुढं?"

दुसऱ्या दिवशी तिनंच मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, मी हिच्यातली झाले तर चालंल का?" बाकावरच्या मैत्रिणीकडे तिनं बोट दाखवलं. मी आधी इकडंतिकडं पाहिलं. आजकाल असलं एक वाक्य शाळेच्या फाटकाबाहेर गेलं, तर त्याचं काय होईल हे मला चांगलं ठाऊक आहे.

"कशाला गं?"

"तिच्यात कावळा लागत न्हाई. मग आई सुटंल."

"अगं, तू बदललीस म्हणून आईचं कसं बदलेल?"

"मी तिचीच हाय ना पन," ती म्हणाली.

इथं माझं सगळं शिक्षण संपलं. इतके धर्म फळ्यावर मांडून झाले होते, आणि पोर त्यातून एकच गोष्ट शोधत होती, आईला अडकवून न ठेवणारं एखादं दार. तास आहे असं काहीतरी पुटपुटून मी तिथून निघाले.

हिंदू धर्माच्या तासाला मी आप्पांना दरवर्षी बोलवायचे आणि ते दरवर्षी नाही म्हणायचे. "दहाव्याचा माणूस पोरांच्या शाळेत कशाला? उगाच लोकांना वावडं." त्या वर्षी मी त्यांना फक्त तिचं वाक्य सांगितलं. ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "काठी कुठं ठेवलीयस माझी?"

पितृपक्ष चालू होता. आप्पा फाटकातून आत आले, तेव्हा खिचडीच्या मावशींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. आप्पांनी ते पाहिलं नसेल असं नाही. त्यांची त्यात हयात गेली होती.

पहिल्या तिन्ही प्रश्नांना त्यांनी झकास उत्तरं दिली. पुरणपोळीवर तर असे बोलले, की मागच्या बाकावरच्या पोराच्या तोंडाला पाणी सुटलं. मग शेवटचा प्रश्न आला आणि ती उभी राहिली.

"आजोबा, दर्भाचा कावळा चालतो का?"

"चालतो. शास्त्रात सांगितलंय."

"खरंच चालतो?"

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

"बाळ," ते म्हणाले, "तो मागं राहिलेल्यांसाठी असतो. त्यांना घरी जाऊन दोन घास खाता यावेत, म्हणून करतात."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आप्पा काठी टेकत तिच्या बाकापाशी गेले.

"तुझ्या आईचं काय राहिलं होतं, तुला ठाऊक आहे का?"

"व्हय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला कोनी इचारलंच न्हाई. मी टेम्पोत हुते."

मग तिनं सांगितलं. नगरला निघायच्या सकाळी आई तिची वेणी घालत होती. पोटात कळा येत होत्या, तरी घालत होती. एक वेणी झाली आणि दारात गाडी आली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ही. दुसरी आल्यावर घालते." ती एका वेणीनं दारात उभी राहिली. आई येईपर्यंत तिनं ती वेणी सोडली नाही. मग आई आली ती तशी आली, आणि बायकांनी हिला न्हाऊ घालताना ती वेणी सोडली.

"तिची येक वेनी ऱ्हायलीय," ती म्हणाली. "शिक्षन, जमीन, त्यातलं काय न्हाई."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते. आप्पा मला म्हणाले, "घाल गं तिची." मी पुढं झाले, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "न्हाई. आईच घालनार हुती."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "मग तू घाल. तिला सांग, तुझी राहिलेली मी घातली, इथून पुढं मीच घालीन. तिला तेवढं कळलं म्हणजे झालं."

मैत्रिणीनं दप्तरातून फणी काढली. तिनं बुचडा सोडला. पहिली वेणी भराभर झाली, दुसरीचे पेड सारखे सुटायला लागले. ती वेडीवाकडी झाली, पण झाली. रिबिनी नव्हत्या, म्हणून मैत्रिणीनं आपल्या दोन्ही सोडून दिल्या. त्यापायी खेळाच्या सरांची बोलणी मग दिवसभर मैत्रिणीनं खाल्ली.

दुपारी तिनं ताटली घेतली, भिंतीवर खिचडीची मूठ ठेवली, हात जोडले आणि आप्पांनी सांगितलेलं वाक्य पुटपुटलं. सगळी सहावी तिच्याभोवती गोळा झाली होती. "मागं सरा रे," आप्पांनी दटावलं. "तो माणसांना भितो." पोरं मागं सरली. एक कावळा उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि खिचडीत चोच घातली. तो रोजच घालायचा. पण पोरांनी "शिवला! शिवला!" असा एकच गिल्ला केला. माझेही हात नकळत जोडले गेले, खोटं कशाला सांगू.

ती मात्र हसली नाही. कावळा उडून जाईपर्यंत तिथंच थांबली, मग माझ्याकडे आली.

"आता गेली का ओ ती?"

"हो," मी म्हणाले. "गेली."

"म्हंजे आता इथं न्हाई ती? कुटंच?"

"नाही बाळा."

कावळा शिवला नव्हता, तोवर तिची आई कुठंतरी जवळपास होती. अडकलेली, उपाशी, रागावलेली, पण होती. हे मला तेव्हा, तिच्याकडे बघताना कळलं. "मला वाटलं हुतं, ती सुटली की बरं वाटंल," ती म्हणाली, आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून ती रडायला लागली. आषाढापासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. गुडघ्यात डोकं घालून ती आईला हाका मारत होती. मैत्रीण तिला बिलगून रडत होती.

मी आप्पांकडे पाहिलं. घाटावर त्यांनी इतक्या जणांना सोडवलं, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शिवल्यावर ते निघून यायचे. त्या दिवशीही फाटकात रिक्षा थांबली होती आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आप्पांनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. मग भिंतीचा आधार घेत, दुखरा गुडघा सांभाळत, ते हळूहळू खाली वाकले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.